लॅबच्या बाई आणि माझी सोलकढी

पेला हातात दिला की बाई तो आधी उजेडाकडे धरायच्या. मग जरा तिरका करायच्या. मग नाकाशी न्यायच्या. एवढं सगळं झालं की म्हणायच्या, "दिसायला छान आहे," आणि पेला न पिताच परत ठेवायच्या.

तुम्ही म्हणाल, असते एकेकाची सवय. असू दे की. पण पेल्यात माझी सोलकढी होती, आणि पडवीत गिऱ्हाइकं जेवायला बसली होती.

बाई आमच्या भाडेकरू. रत्नागिरीत सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. गावोगावच्या विहिरींचं, नळांचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून त्यांच्याकडे यायचं. कुणी खाण्याचे पदार्थही आणून द्यायचं. त्यात माणसाची नाहीतर जनावराची घाण उतरली आहे का, हे शोधणं हे बाईंचं काम. सांगलीकडच्या होत्या, एकट्या होत्या, आणि आवाज असा की मागच्या खोलीत फोनवर बोलल्या तर पुढच्या पडवीतलं गिऱ्हाईक 'काय म्हणालात?' म्हणून विचारायचं.

मी तेव्हा साठीही न गाठलेली पोर. अंगात रग, डोक्यात हवा. नवरा गेल्यावर घरच्या पडवीत मासळीच्या जेवणाची खानावळ काढली होती आणि ती चालली होती, त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की समुद्रात सुरमई मीच सोडते. त्यातून माझी सोलकढी. लोक म्हणायचे, "काकी, तुमच्या हाताला चव आहे." तो हात मी कोळणीशी भाव करतानाही मिरवायचे.

अशा माझ्या घरात राहायचं आणि माझाच पेला उजेडाकडे धरायचा.

पहिला संशय मला आला तो आपल्याकडे सगळ्यांना पहिला येतो तोच. आमच्या घरचं पाणी हिला चालत नाही की काय? मग मी आडनावावरून अंदाज बांधायला बसले. आडनाव असं होतं की वरचं म्हणावं तर वरचं, खालचं म्हणावं तर खालचं. आठवडाभर मी त्या आडनावाशी झुंजत होते. शेवटी सुनेने सांगितलं, "आई, त्या मोठ्या साहेबांकडे मीटिंगला जातात तिथेही पीत नाहीत. स्वतःची बाटली नेतात." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मोठ्या साहेबांची आणि माझी गत एकच होती.

मग मी टेहळणी सुरू केली. कधी कढीपत्ता द्यायला, कधी वीजबिल दाखवायला, कधी काहीच सुचलं नाही तर "मांजर आलं काय इकडे?" म्हणून मी त्यांच्या खोलीत डोकवायची. आमच्याकडे मांजर नव्हतं. खोलीत काय, तर पाणी सतत उकळलेलं. केळी खायच्या, कारण ती स्वतः सोलता येतात. शहाळं प्यायच्या, पण कोयता आधी धुवायला लावून. शहाळेवाला म्हणायचा, "बाईंसाठी एक दिवस हा नारळच उकळून आणतो."

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "उद्या सांगते." पाणी तपासायला घेतलं की त्यातले जंतू रात्रभर उबेत वाढू द्यायचे, मग कळतं, त्याआधी कुणी कितीही विचारलं तरी बाई बोलायच्या नाहीत. पुढे ती खोड हाडात भिनली. सुनेने नवी साडी दाखवली, "कशी आहे?" "उद्या सांगते." शेजारच्या लग्नाची मुलगी कशी वाटली? "उद्या सांगते." आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या खरंच सांगायच्या. साडीचा रंग जाणार म्हणाल्या, आणि गेला.

एकदा मी सरळच विचारलं, "लहानपणापासून असंच उकळून पिता काय?"

"छे ओ. ओढ्याचं प्यायचो. म्हशी वरच्या अंगाला, आम्ही खालच्या."

"मग काय झालं?"

"काहीच झालं नाही की, काकू." मला अख्खी आळी काकी म्हणते, त्या एकट्या काकू म्हणायच्या. "काहीच झालं नाही, त्याचीच तर भीती वाटते."

आता अशा माणसाशी तुम्ही काय बोलणार. मी कढीपत्ता देऊन परत आले.

असं सगळं चाललेलं असताना ते होमस्टेचं प्रकरण झालं.

समुद्राकडेला एकाचं होमस्टे होतं. त्याच्या पाहुण्यांसाठी रोज दुपारी माझ्याकडून सोलकढीचा कॅन जायचा. एकदा पुण्याचं एक मोठं कुटुंब उतरलं, जेवलं, आणि दुसऱ्या दिवशी लहानथोर सगळ्यांना जुलाब. होमस्टेवाला माझ्या पडवीत आला तो चप्पल न काढता.

"काकी, बाकी सगळं माझ्या किचनमधलं. बाहेरून आलेलं एकच."

"काय?"

"काय म्हणजे? तुमची कढी."

"कढी नाही ती. सोलकढी," मी म्हटलं.

तो थोडा वेळ मागच्या खोलीकडे बघत राहिला. "तुमच्याकडे ती लॅबवाली बाई राहते ना? ती पिते काय तुमची सोलकढी?"

त्याने हे मला विचारलं, इथवर ठीक होतं. पण तेच त्याने मासळी बाजारात विचारलं, रिक्षा स्टँडवर विचारलं. रत्नागिरीत एखादी गोष्ट दोन ठिकाणी विचारली की तिसऱ्या ठिकाणी ती सांगितली जाते. काकीच्या घरात राहणारी, जंतू ओळखणारी बाई काकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आठवडाभरात पडवीतली टेबलं रिकामी दिसायला लागली. मुलगा जयगडला बंदरावर नोकरीला होता, पण त्याचा पगार त्याच्या मोटरसायकलला पुरायचा. घर त्या टेबलांवर उभं होतं. खानावळीचं नाव गेलं की सून आणि मी एकमेकींना जेवायला वाढत बसणार, एवढं मलाही कळत होतं.

मग मी चोर शोधायला निघाले. फार लांब जावं लागलं नाही. आमच्या वरच्या अंगाला भाभीचं घर. तिचा नवरा कुवेतला. नवीन घर बांधलं त्यात माणसं कमी आणि संडास जास्त. आमची जमीन जांभ्याची. वर ओतलेलं खाली कुठून फुटेल नेम नाही. झालं. माझ्या डोळ्यांसमोर भाभीच्या शोषखड्ड्यातून निघालेला एक ओहोळ सरळ माझ्या विहिरीत पडताना दिसायला लागला. तो ओहोळ मी सुनेला दाखवला. तिला दिसला नाही. सुनांना पटकन दिसत नाही.

मी बाईंकडे गेले. "भाभीच्या संडासाचं पाणी माझ्या विहिरीत येतंय. तेवढं लिहून द्या."

"तपासलं कुठं अजून?"

"तपासायचं काय त्यात? उतार बघा ना."

"उद्या नमुना घेऊन लॅबला या. सगळे येतात तसं. माझ्या खोलीवर नको," बाई म्हणाल्या, आणि खाकी कागदात गुंडाळलेली एक बाटली दिली. "झाकण आतून हात न लावता उघडायचं. विहिरीचं पाणी भरायचं. लगेच बंद."

घरी येऊन मी कागद सोडला. बाटली चकचकीत, पण तळाशी पांढरट काहीतरी सुकलेलं. मी ती उजेडाकडे धरली. हो, मीच. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: बाईंनी आत काहीतरी घातलंय. माझं पाणी खराब दाखवायचं, खानावळ बंद पाडायची आणि मागच्या खोलीबरोबर पुढची पडवीही भाड्याने मागायची. इतकी लांबची योजना सरकारी माणूस करत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी ती बाटली चिंच लावून, काथ्याने घासून, राखेने विसळून, पुन्हा आपल्याच विहिरीच्या पाण्याने खळखळून धुतली. मग भरली. अशी लखलखीत बाटली त्या लॅबमध्ये कधी आली नसेल.

बाईंनी ती हातात घेतली आणि नाकाशी नेली. "धुतलीत?"

"स्वच्छ धुतली."

"स्वच्छच होती की."

"तळाला पूड होती. पांढरी."

"ती असतेच. पाण्यात कुणी जंतुनाशक टाकलेलं असलं, तर वाटेत त्याचा जोर राहू नये म्हणून. नाहीतर इथं पोचेपर्यंत जंतू मरतात."

"म्हणजे जंतू मरू नयेत म्हणून औषध घालता?"

"हो."

मी घरी येऊन सुनेला सांगितलं, "बाई जंतू जगवतात. माझा संशय बरोबर होता."

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला जाता जाता बाई स्वतः विहिरीवर आल्या. हात धुऊन, स्पिरिटने पुसून, दोरी बांधून बाटली सोडली. कठड्याला लागू दिली नाही, वर काढली, झाकली आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. लहान बाळाला न्हाऊ घालावं तसं चाललं होतं. मधल्या दगडी गडग्यावरून भाभीने मान काढली.

"काय काढताय गो काकी विहिरीतून?"

"काही नाही. कळशी पडली होती."

"बर्फात ठेवता ती कळशी?"

भाभी शिकलेली कमी, पण बघते फार.

त्या दिवशी सोलकढीही नेली. पाणी एका बाटलीत, सोलकढी दुसऱ्या. मी बाईंबरोबर लॅबपर्यंत गेले, आणि निकालापर्यंत रोज जात राहिले. बाकावर ग्रामपंचायतींचे लोक बाटल्या घेऊन बसलेले असायचे, प्रत्येकाचं तोंड आपल्याला नापास करणार असं. एक जण मला म्हणाला, "आमची विहीर देवळाची आहे, तिला काय होणार?" मी म्हटलं, "माझी तर घरची आहे." आम्हा दोघांना एकमेकांची दया आली.

बाईंनी मला समजावून सांगितलं, त्यांच्या परीने. काही जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतात. ते पाण्यात किंवा अन्नात सापडले, तर समजायचं की विष्ठा कुठूनतरी तिथवर पोचली. विष्ठा हा शब्द त्या भाजीच्या नावासारखा उच्चारायच्या.

"हे जंतू बहुतेक वेळा स्वतः काही करत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण ते आले म्हणजे वाट आहे. आणि वाट असली की त्याच वाटेने दुसरे येतात. कावीळ, टायफॉईड, हगवण."

म्हणजे चोर नव्हे. चोराची चप्पल दाराशी दिसली, असं. हे मला पटलं. चपलेवरून माणूस ओळखण्यात मी आधीच हुशार होते.

आधी विहिरीचा निकाल आला. विहीर पास. मी तिथल्या तिथे हात जोडले.

"आज पास," बाई म्हणाल्या. "पावसात पुन्हा बघायला पाहिजे. तुमच्या या दगडाचा भरवसा नाही."

मग त्यांनी काचेच्या नळ्यांचा एक स्टँड दाखवला. प्रत्येक नळीत रंगीत पाणी, आणि त्यात एक छोटी नळी उलटी बुडवलेली. जंतू वाढले की वायू होतो आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा धरतो. विहिरीच्या नळ्यांत बुडबुडा नव्हता. शेजारच्या नळ्यांत होता. एकेका नळीत एकेक, मोहरीएवढा, तांदळाएवढा.

"या कुणाच्या?"

"तुमच्या. सोलकढीच्या. अजून एक चाचणी बाकी आहे. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. तेच होते, आतड्यातले. माझ्या सोलकढीत. माझ्या हाताच्या चवीच्या सोलकढीत.

तुम्हाला सांगते, मी परत येताना रिक्षात हात पदराखाली घेऊन बसले होते. विहीर पास, म्हणजे भाभी सुटली. मग राहिलं कोण? घरातलंच माणूस. मी सुनेकडे बघायला लागले. ती कोथिंबीर निवडत होती. कोथिंबीर निवडणारी बाईसुद्धा किती संशयास्पद दिसू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

"आई, असं काय बघताय?"

"हात धुतलेस काय गो?"

"तुम्ही धुतलेत?"

मी उठून मोरीवर हात धुवायला गेले.

संध्याकाळी बाई आल्या. स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "रोज करता तशी करा. मी आहे हे विसरा." ते कसं विसरायचं? आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या सासवासुद्धा अशा बघत नाहीत. मी हात धुतले, पुन्हा धुतले. नारळ फोडला. विळीवर खवला. मिरची, लसूण वाटली. खोबऱ्यात पाणी घालून वाटून घेतलं. मग नेहमीच्या सवयीने मागीलदारी गेले, कुंपणाच्या वईवरचं फडकं ओढलं, झटकलं, आणि त्यातून नारळाचा रस पिळायला घेतला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "फडकं कुठनं आणलं?"

"वईवरून. तिथेच वाळतं."

"धुता कशाने?"

"पाण्याने. साबण लावला तर वास येतो सोलकढीला."

बाई उठून मागच्या दाराशी गेल्या. मीही गेले. वईवर, बरोबर फडकं वाळतं त्या जागी, माझी तांबडी कोंबडी पंख पसरून निवांत बसली होती. भाभीची नव्हे. माझी. आणि तिने फांदीवर, त्या वयात कोंबडीने ठेवावं ते सगळं ठेवलेलं होतं.

तुम्ही आमच्याकडची पद्धत जाणता. नारळाचा रस गाळायला जुनं मऊ सुती लुगडं लागतं. नवं कापड रस पिऊन टाकतं. ते फडकं कुणी उकळत नाही, कारण उकळलं की विरतं. पाण्यातून काढायचं, पिळायचं, वईवर टाकायचं. आईने तेच केलं, सासूने तेच केलं, आणि आम्ही सगळे जिवंत आहोत. मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे फडकंच काय?"

"असेल," बाई म्हणाल्या. फडकं एका पिशवीत घातलं. "उद्या सांगते."

फडकंच होतं.

नवीन कापड आणलं. ते रोज उकळायचं आणि घराच्या पुढे, कोंबडीच्या बुद्धीपलीकडे, उन्हात दोरीवर वाळवायचं. पुन्हा सोलकढी नेली. नळीत बुडबुडा नाही. मी म्हटलं, झालं, सुटलो. मला एक पाटी रंगवून घ्यायची होती: 'येथे तपासलेली सोलकढी मिळेल.' बाईंनी साफ नकार दिला. मग म्हटलं, निदान होमस्टेवाल्याला सांगा, की ते जुलाब माझ्यामुळे नव्हते.

"कसं सांगू? झाले असतील तुमच्यामुळं."

"मग माझ्यामुळे होते असं तरी सांगा."

"तेही कसं सांगू? त्यांनी बीचवर काय खाल्लं मला काय माहीत?"

म्हणजे मी धड दोषी नाही, धड निर्दोष नाही. माणसाने कसं तोंड दाखवायचं? शेवटी मीच होमस्टेवाल्याला फडक्याचं, कोंबडीचं सगळं सांगितलं. म्हटलं, ये, रोज फडकं उकळताना बघून जा. तो म्हणाला, "ते राहू दे काकी. बाई पितात काय आता?"

भाभीलाही कळलंच. ती गडग्याशी येऊन म्हणाली, "काकी, माझ्या संडासावर तुमचं एवढं प्रेम आहे मला ठाऊक नव्हतं. एखादा देऊन टाकला असता."

टेबलं रिकामीच. सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर मागच्या खोलीत केळी सोलत बसलेलं. एका सकाळी माझा धीर सुटला. मी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"एक दिवस पुढे बसून जेवा. एकच दिवस. लोकांना दिसू दे."

"मी तपासते, काकू. जेवून दाखवत नाही."

"पण चांगलं आलं ना आता? तुम्हीच म्हणालात."

"त्या दिवशीचं चांगलं आलं."

"मग माझ्यावर विश्वास कधी ठेवणार तुम्ही?"

बाईंनी सवयीने तोंड उघडलं. "उद्या..."

"उद्या खोली रिकामी करा," मी म्हटलं.

त्यांनी हातातलं केळं खाली ठेवलं. मग "बरं" म्हणाल्या आणि फळीवरचं सामान उतरवायला लागल्या. मला वाटलं होतं, भांडतील. भांडणारी माणसं बरी, त्यांना थांबवता तरी येतं.

पण दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली नाही. सकाळ उलटली तरी दार बंद. सून म्हणाली, "आई, मागच्या नळाचा आवाज नाही आज." दार ढकललं तर बाई अंथरुणात, अंगावर होतं नव्हतं ते सगळं घेतलेलं, आणि तरी दात वाजत होते. डॉक्टरला आणलं, रक्त नेलं. मलेरिया.

आळीची फार निराशा झाली. ज्याला त्याला वाटत होतं, बाईंना पाण्याने धरलं. जो तो येऊन विचारायचा, "पाण्यानेच ना?" मी सांगायची, "डासाने." डास तेवढा बाईंच्या यादीत नव्हता. बाई तापातही म्हणत होत्या, "स्लाईड नीट बघितली का त्यांनी? दुसऱ्या लॅबला द्या." दुसऱ्या लॅबला दिली. तिथेही मलेरियाच.

बाई बऱ्या झाल्या. खोलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. उतरवलेलं सामान त्यांनी एक दिवस परत फळीवर लावलं, एवढंच. पावसाळ्यात विहीर पुन्हा तपासली आणि काही दिवस आम्हाला सगळ्यांना पाणी उकळून प्यायला लावलं. पडवीतली टेबलं हळूहळू भरली. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. भाभी म्हणते, तिने बाईंच्या आजारपणात आमच्या मागीलदारी जे पाहिलं ते गावभर सांगितलं म्हणून. होमस्टेवाला म्हणतो, दुसरीकडची सोलकढी पातळ होती म्हणून. पुढे बाईंची बदली विदर्भात कुठेतरी झाली. जाताना टेंपोवाल्याला बाटल्यांचं खोकं त्यांनी उचलू दिलं नाही. मांडीवर घेऊन बसल्या. आता त्या खोलीत बँकेतलं एक जोडपं राहतं. काय दिलं तरी खातं, काय दिलं तरी पितं. मला त्यांची फार काळजी वाटते.

भाभीने जे पाहिलं, ते असं.

तापाचा दुसरा दिवस. दुपारची वेळ. बाईंना गोळी घ्यायची होती आणि पोटात काही नव्हतं. त्यांची उकळलेल्या पाण्याची बाटली संपली होती, आणि उठून नवं उकळायचं त्राण नव्हतं. मी माझ्या स्वयंपाकघरातून पाणी आणि पेज घेऊन गेले.

गोधडीतून आवाज आला. खणखणीत नव्हता. "उकळलंय?"

"उकळलंय."

"खळखळून?"

"हो हो, खळखळून."

त्यांनी गोधडीतून तोंड काढून पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी बघितलं नाही, काकू."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी ती पेज केळीच्या बुंध्यात ओतून आले असते. दोन दिवसांपूर्वीचं बोलणं अजून ओलं होतं. पण त्या काही टोमणा मारत नव्हत्या. पाणी नको असं म्हणत नव्हत्या. त्यांना फक्त बघायचं होतं.

मी आणलेलं सगळं परत नेलं. छोटा सिलिंडर होता आमचा, वरच बर्नर असलेला, जत्रेत भजी तळायला घ्यायचे तो. तो उचलून आणला आणि त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवला, अंथरुणातून दिसेल असा. पातेलं त्यांच्यासमोर धुतलं. त्यात विहिरीचं पाणी ओतलं, गॅस पेटवला आणि पाटावर बसले. "घ्या," म्हटलं. "बघा आता."

बाई कशाबशा कुशीवर वळल्या. गोधडी गालापर्यंत ओढून पातेल्याकडे बघायला लागल्या. लॅबमध्ये नळीकडे बघतात तशाच. गडग्यापलीकडे भाभी उभी होती, सून दाराला टेकून उभी होती. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले. बाजूने जरा सूं आवाज यायला लागला.

सून हळूच म्हणाली, "आई. झोपल्या त्या."

खरंच झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, हात उशीखाली. पाण्यात अजून बोटसुद्धा पोळलं नसतं.

"मग बंद करा ना गॅस. गोळी घेण्यापुरतं कोमट झालंच आहे."

"गप बस," मी म्हटलं.

पाणी वर आलं, कडेला आलं, खळखळायला लागलं. मी पातेलं चिमट्याने जरा खोलीच्या बाजूला सरकवलं, मध्येच त्यांना जाग आली तर दिसावं म्हणून.